गालातला डाग आणि मनातला संशय



दिवसातून पाच वेळा आपण वुजू करतो. प्रत्येक वेळी तीनदा कुल्ली करतो, म्हणजे दिवसात पंधरा वेळा तोंडात पाणी फिरवतो. मिसवाकची ताकीद तर लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तोंडाच्या स्वच्छतेला एवढे महत्त्व देणाऱ्या आपल्या घरांत आरशासमोर तोंड उघडून आत पाहणारा माणूस मात्र क्वचितच सापडतो.

या महिन्याचा विषय तोंडाच्या आतल्या डागांचा आणि त्यांत कधी कधी सापडणाऱ्या एका विषाणूचा आहे. विषय नाजूक आहे. हे सदर पुष्कळ घरांत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले जाते, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून शब्द जपून वापरू, पण गोष्ट लपवणार नाही. अर्धवट माहितीने एका घराचे काय झाले, ते आधी सांगतो.

काही महिन्यांपूर्वी एका भगिनीचे पत्र आले. नाव-गाव छापू नका, पण उत्तर छापा, असे तिने वरच लिहिले होते. तिचे शौहर यंत्रमागावर रात्रपाळी करतात. वय पंचेचाळीसच्या आसपास. जागरण सोसावे म्हणून वीस-बावीस वर्षांपासून तंबाखू-चुन्याची चिमूट डाव्या गालात ठेवायची सवय. त्याच गालात आतून एक पांढरा चट्टा आला. दुखत नव्हता, म्हणून वर्षभर कोणी लक्ष दिले नाही. शेवटी दाढ काढायला गेले तेव्हा डॉक्टरांनी तो पाहिला आणि मोठ्या दवाखान्यात पाठवले. तिथे चट्ट्याचा लहानसा तुकडा काढून तपासायला दिला.

रिपोर्टमध्ये दोन गोष्टी होत्या. एक, पेशींमध्ये सौम्य स्वरूपाचा बिघाड, ज्याला डॉक्टर डिस्प्लेशिया म्हणतात. दुसरी, एचपीव्ही या विषाणूच्या संसर्गात दिसतात तसे काही बदल. पुतण्याने मोबाइलवर ते नाव शोधले आणि वाचून दाखवले की, हा तर शरीरसंबंधातून पसरणारा विषाणू आहे. संध्याकाळपर्यंत घरभर बातमी झाली. नणंदेने त्यांचे ताट-वाटी वेगळी केली. मुलांना जवळ जाऊ देईनात. भगिनीचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला. शौहरांनी शपथा घेतल्या. कोणी मानले, कोणी मानले नाही. या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली. शरमेपोटी ते पुन्हा दवाखान्यात गेलेच नाहीत. तीन महिने झाले होते. तंबाखू मात्र आधीपेक्षा वाढली होती.

तिने तीन प्रश्न विचारले होते. माझ्या शौहरांनी मला फसवले आहे का? मला आणि मुलांना हे लागेल का? आणि हा कॅन्सर आहे का? तिची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून आम्ही इथे उत्तर देत आहोत. हे प्रश्न इतर घरांतही आहेत. ते पत्रात येत नाहीत, एवढेच.

हा विषाणू आहे तरी काय?

एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. हा एक विषाणू नाही, दोनशेहून अधिक प्रकारांचे मोठे खानदान आहे. मुलांच्या हातापायांवर येणारे चामखीळ याच खानदानातल्या काही प्रकारांमुळे येतात. काही प्रकार ओल्या, नाजूक त्वचेवर वाढतात, म्हणजे तोंड, घसा आणि जननेंद्रिये या ठिकाणी. बहुतेक प्रकार निरुपद्रवी आहेत. थोडे प्रकार, विशेषतः १६ आणि १८ क्रमांकाचे, वर्षानुवर्षे शरीरात टिकून राहिले तर कॅन्सरला कारण ठरू शकतात. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरशी या विषाणूचे नाते जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी दाखवून दिले. त्याबद्दल त्यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

तोंडातही याचे वेगवेगळे चेहरे दिसतात. टाळूवर, जिभेवर किंवा ओठावर फुलकोबीच्या तुऱ्यासारखी छोटी, न दुखणारी गाठ येते. तिला पॅपिलोमा म्हणतात. ती बहुधा ६ किंवा ११ क्रमांकाच्या प्रकारामुळे येते, कॅन्सरची नसते आणि लहानशा शस्त्रक्रियेने निघून जाते. बोटावर चामखीळ असलेले मूल ते बोट चोखत किंवा नखे चावत असेल, तर तसाच चामखीळ ओठावर येऊ शकतो. आणखी एक आजार आहे, ज्यात ओठांच्या आत आणि गालात मऊ मऊ पुष्कळ उंचवटे येतात. तो १३ आणि ३२ क्रमांकाच्या प्रकारांमुळे होतो, मुलांमध्ये जास्त दिसतो आणि बहुधा आपोआप बरा होतो. आईच्या पोटातून बाहेर येतानाही बाळाला हा विषाणू लागू शकतो. अशा काही मुलांच्या घशात गाठी येऊन आवाज बसतो. आता या मुलांवर कोणी संशय घेणार आहे का?

पहिला प्रश्न: फसवले का?

आपा, याचे खरे उत्तर असे की, हा रिपोर्ट त्याबद्दल काहीच सांगू शकत नाही. त्यांच्या बाजूनेही नाही आणि विरुद्धही नाही.

मोबाइलवर जे वाचले ते खोटे नाही. काही प्रकारांचा प्रसार मुख्यतः शरीरसंबंधातून होतो. पण ते अर्धेच आहे. ज्यांचे वैवाहिक जीवन सुरू झाले आहे अशा बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी या खानदानातला कोणता तरी प्रकार लागून जातो आणि कळतही नाही. शरीर स्वतःच त्याला एक-दोन वर्षांत बाहेर काढते. काहींच्या शरीरात तो अनेक वर्षे गप्प बसून राहतो. तो केव्हा आला, कोणाकडून आला, नवऱ्याकडून बायकोला की बायकोकडून नवऱ्याला, हे सांगणारी तपासणी जगात नाही.

दुसरे असे की, रिपोर्टमधल्या शब्दांकडे नीट पाहा. सूक्ष्मदर्शकाखाली काही पेशींच्या मध्यभागाभोवती पोकळ कडे दिसते. असे कडे या विषाणूच्या संसर्गात दिसते, म्हणून डॉक्टर 'तसे बदल' असे लिहितात. पण तसेच कडे दुसऱ्या कारणांनीही दिसू शकते. विषाणू खरोखर आहे का आणि कोणत्या क्रमांकाचा आहे, हे कळायला वेगळी तपासणी लागते. तुमच्या शौहरांची ती झालेलीच नाही. म्हणजे ज्या विषाणूवरून घरात एवढे रामायण झाले, तो आहे की नाही हेच अजून ठरलेले नाही.

सूरह हुजुरातमध्ये ईमानवाल्यांना फार गुमान करण्यापासून आणि एकमेकांच्या खोड्या शोधत फिरण्यापासून रोखले आहे. आपण ते वाचतो, मुलांना शिकवतो. मग एका कागदावरच्या अर्धवट समजलेल्या शब्दावरून घरच्या माणसाला गुन्हेगार कसे ठरवतो? कोणाच्या हातून पूर्वी चूक झाली असेल, तर ती त्याच्या आणि अल्लाहच्या दरम्यान आहे, आणि तौबाचा दरवाजा उघडा आहे. डॉक्टरचा रिपोर्ट उपचारासाठी असतो. त्याला साक्षीदार म्हणून उभे करू नका.

दुसरा प्रश्न: आम्हाला लागेल का?

एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने, मुलांना कुशीत घेतल्याने हा विषाणू घरभर पसरतो असे आढळलेले नाही. ताट-वाटी वेगळी करण्याची गरज नाही. ब्रश आणि मिसवाक मात्र प्रत्येकाचे वेगळे असावे. हा नियम सगळ्याच आजारांसाठी चांगला आहे.

तुम्ही स्वतः घाबरून काही तपासण्या करून घेण्याची घाई करू नका. पण तीस वर्षे ओलांडलेल्या प्रत्येक विवाहित स्त्रीने गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्यावी, शौहरांचा रिपोर्ट काहीही असो. सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयाचे मुख या तिन्हींची तपासणी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे विचारा. तपासणी स्त्री कर्मचाऱ्याने करावी, अशी विनंती करण्यात काहीही संकोच नको.

तिसरा प्रश्न: हा कॅन्सर आहे का?

सौम्य डिस्प्लेशिया म्हणजे कॅन्सर नव्हे. पेशींनी शिस्त सोडायला सुरुवात केली आहे, असा तो इशारा आहे. असे अनेक चट्टे कधीच कॅन्सर होत नाहीत. तंबाखू सुटली की काही चट्टे आपोआप विरतातही. पण काही चट्ट्यांचा कॅन्सर होतो, आणि कोणत्या चट्ट्याचा होईल हे नुसते पाहून मोठ्यातला मोठा डॉक्टरही सांगू शकत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा तपासावे लागते.

आता विषाणूचा यात वाटा किती? इथे घसा आणि तोंड यांत फरक करायला हवा. घशाचा मागचा भाग, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेचे मूळ, तिथल्या कॅन्सरशी १६ क्रमांकाच्या एचपीव्हीचे नाते पक्के आहे. अमेरिकेत अशा कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्क्यांच्या मागे हा विषाणू असतो. एवढेच की, विषाणूमुळे झालेला घशाचा कॅन्सर उपचारांना अधिक चांगला प्रतिसाद देतो. मानेत न दुखणारी गाठ, एकाच बाजूला महिनोन् महिने दुखणारा घसा, गिळताना अडकणे, ही त्याची लक्षणे. ती तंबाखूला कधी न शिवलेल्या माणसातही दिसू शकतात. तेव्हा 'मी तर सुपारीही खात नाही' म्हणून निर्धास्त राहू नये.

पण गाल, हिरड्या आणि जिभेचा पुढचा भाग यांची कहाणी वेगळी आहे. आपल्याकडचे बहुतेक तोंडाचे कॅन्सर इथेच होतात. या ठिकाणच्या पांढऱ्या चट्ट्यांत काही वेळा विषाणू सापडतो, काही वेळा सापडत नाही. सापडला तरी तो चोर असतो की नुसता वाटेने जाणारा, हे प्रत्येक वेळी ठरवता येत नाही. चोर म्हणून शंभर वेळा पकडलेला आरोपी दुसराच आहे. त्याच्याबद्दल तुम्ही विचारलेच नाही.

न विचारलेला प्रश्न

आपा, तुमच्या चार पानांच्या पत्रात विषाणूचे नाव अकरा वेळा आले आहे. तंबाखूचे फक्त दोनदा, आणि तेही जाता जाता. वीस वर्षे चिमूट डाव्या गालात ठेवली आणि चट्टा डाव्याच गालात आला. अल्लाहने समजूत दिली आहे. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

सन २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४० हजार नवे रुग्ण आढळले. आपल्या देशातल्या पुरुषांमध्ये हाच कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे. याच्या मागे मुख्यतः तंबाखू, गुटखा, मावा, खर्रा आणि सुपारी आहे. विडी-सिगारेट आणि शराब त्यात भर घालतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे दिसले. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. बंदी असलेली पुडी आपल्या मोहल्ल्यात कुठे मिळते, हे शाळकरी मुलेही सांगतील.

आम्हाला आणखी एक गोष्ट बोलायची आहे. ज्या घरात विषाणूच्या नावाने ताट वेगळे केले, त्याच घरात तंबाखूची डबी खिशात असल्याबद्दल वीस वर्षे कोणी शब्द काढला नव्हता. घरातल्या मोठ्या बायका मिश्री लावत असतील, त्याकडे तर कोणाचेच लक्ष नसते. वलीम्याच्या दावतीत पानाचे तबक आपण मोठ्या अगत्याने फिरवतो. 'आमच्या पानात तंबाखू नाही, नुसती सुपारी' असे म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही कॅन्सरकारक ठरवले आहे. सुपारीने तोंडाच्या आतली कातडी आखडत जाते, तिखट सोसत नाही, तोंड उघडणे कमी कमी होते. आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून दातांमध्ये जात नसतील, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

म्हणजे शरम कशाची वाटायला हवी होती आणि कशाची वाटली, याचा विचार सगळ्याच घरांनी करावा.

आता काय करायचे?

पहिले, चट्टा असलेल्या माणसाने पुन्हा दवाखान्यात जावे. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, सुरी लागली की आजार भडकतो, ही समजूत चुकीची आहे. ही भीती घालून अनेकांनी सोन्यासारखे महिने घालवले आहेत. सरकारी दंत महाविद्यालयांत ही तपासणी कमी खर्चात होते. मोठ्या उपचारांची वेळ आलीच, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरवरचे उपचार आहेत. दुआ जरूर करावी, रुकया करावा. पण दवा सोडून नव्हे.

दुसरे, तंबाखू सोडावी. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर सरकारी समुपदेशक मदत करतात. तलब साधारण काही मिनिटे टिकते. तेवढ्या वेळात पाणी प्यावे, बडीशेप चावावी, दोन रकात पढावी किंवा उठून चालावे. डॉक्टर निकोटिनच्या गोळ्याही देतात. रमजानमध्ये हाच माणूस पहाटेपासून मगरिबपर्यंत तेरा-चौदा तास तंबाखूशिवाय काढतो आणि कामही करतो. म्हणजे ताकद अल्लाहने दिलेली आहे. इफ्तारनंतर खजूर आणि पाण्याबरोबर रोजा सुटतो. लगेच पुडी सोडायची आहे की फोडायची आहे, हे त्या क्षणी ठरवायचे असते. आणि रमजानपर्यंत थांबण्याची गरज नाही. सोमवार-गुरुवारचे नफिल रोजे आहेतच.

तिसरे, प्रत्येकाने महिन्यातून एकदा आपले तोंड पाहावे. जुम्म्याच्या गुसलनंतरची वेळ चांगली. हात स्वच्छ असतात आणि घाई नसते. उजेडात आरशासमोर उभे राहावे. ओठ उलटून पाहावेत, मग दोन्ही गालांच्या आत, हिरड्या, टाळू, जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा, जीभ वर करून खालचा भाग. शेवटी जबड्याखाली आणि मानेवर बोटे फिरवावीत. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, गाठ, रक्त, कारण नसताना हलणारा दात, यांपैकी काहीही दोन आठवड्यांत गेले नाही तर डॉक्टरांना दाखवावे. लाल चट्टा आणि जिभेच्या कडेचा किंवा खालचा चट्टा यांच्या बाबतीत दोन आठवड्यांवर एक दिवसही थांबू नये. दुखत नाही म्हणून बरे आहे, असे समजू नये. सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

यात काही कठीण विद्या नाही. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात साध्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडे नुसती पाहिली. २००५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते. तिथे यंत्र नव्हते. एक उजेड आणि पाहणारी नजर होती.

आणि मुलींची लस

एचपीव्हीविरुद्ध लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या भारतीय लशीला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. ती ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांपासून संरक्षण देते. नऊ ते चौदा वर्षे वयात दोन डोस, त्यानंतर तीन, असे तिचे वेळापत्रक आहे. एक डोसही चांगले संरक्षण देतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये म्हटले. लशीत जिवंत विषाणू नसतो, त्याच्या बाहेरच्या कवचासारखे प्रथिन असते. मूल होत नाही, ही अफवा निराधार आहे. मलेशियासारख्या मुस्लिम देशात २०१० पासून शाळकरी मुलींना ही लस दिली जाते.

'आमच्या मुलीला अशा लशीची काय गरज,' असे काही अम्मी रागाने विचारतात. लस चारित्र्यासाठी नसते. पोलिओचे थेंब पाजताना आपण बाळाच्या चारित्र्याचा विचार करतो का? निकाहानंतर तिच्या वाट्याला काय येईल हे तिला किंवा तुम्हाला ठाऊक नाही. लस आधी घेतली तरच उपयोग. झालेला संसर्ग ती बरा करत नाही. मुलग्यांनाही ती देता येते. आणि ही लस घेतली म्हणून तंबाखू खाणाऱ्याचे संरक्षण होत नाही, हेही लक्षात असू द्या.

त्या भगिनीला आम्ही हे सगळे पत्राने आधीच कळवले होते. मागच्या महिन्यात तिची चार ओळींची चिठ्ठी आली. शौहर पुन्हा दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विषाणूबद्दल एक वाक्य सांगितले आणि तंबाखूबद्दल अर्धा तास. दर तीन महिन्यांनी दाखवायला बोलावले आहे. चिमूट सुटून सात आठवडे झाले; मध्ये दोनदा घसरले, पुन्हा उभे राहिले. भाऊ अजून घरी येत नाही. सासूबाईंनी मात्र मिश्रीची डबी स्वतः होऊन टाकून दिली.

शेवटी तिने लिहिले आहे की, ताट आता एकाच दस्तरखानावर लागते. अल्हम्दुलिल्लाह.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे, असे आपण म्हणतो. या जुम्म्याला घरातल्या प्रत्येकाने त्या अमानतीचा एक कोपरा उजेडात नीट पाहावा, एवढीच या महिन्याची विनंती.